आयरिश 'कू' आणि संस्कृत 'श्वा'

१९५८ साली आयर्लंडमध्ये ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींवर देखरेख ठेवायला एक सरकारी मंडळ स्थापन झालं. त्याचं आयरिश नाव 'बोर्ड ना गॉन', म्हणजे शिकारी कुत्र्यांचं मंडळ. हे नाव रोमन लिपीत पाहिलं की छपाईची चूक झाली असावी असं वाटतं. शेवटच्या शब्दात आधी लहान 'जी', त्याला चिकटून मोठा 'सी', मग 'ओ' आणि 'एन'. उच्चार फक्त 'ग'चा करायचा, 'सी' मुका. २०२० साली मंडळाचं नाव बदलून 'रासीख्त कॉन एरिन' झालं आणि नव्या नावात तो 'ग' गेला, 'क' मोकळेपणाने बोलू लागला. कुत्रे तेच, फक्त मधला 'ना' हा शब्द गळला होता. एवढ्यावरून 'क'चा 'ग' आणि 'ग'चा पुन्हा 'क' का व्हावा? आणि कोशात पाहायला जावं तर मूळ शब्द तिसराच निघतो: 'कू'. रोमन लिपीत दोनच अक्षरं, 'सी' आणि 'यू', आणि 'यू'च्या डोक्यावर दीर्घत्वाची तिरकी रेघ.

'कू' म्हणजे शिकारी कुत्रा. दारात बसणाऱ्या साध्या कुत्र्याला आज प्रमाण आयरिशमध्ये 'माद्रा' म्हणतात. 'कू' हा वेगाने धावणारा, माग काढणारा, सावज धरणारा. आजच्या बोलण्यात तो बहुतेक वेळा ग्रेहाउंडच असतो. हा शब्द फार जुना आहे आणि त्याचं गणगोत अटलांटिकच्या किनाऱ्यापासून गंगेपर्यंत पसरलेलं आहे. ग्रीकमध्ये 'कुओन', लॅटिनमध्ये 'कानिस', जर्मनमध्ये 'हुंड', इंग्रजीत 'हाउंड', लिथुआनियनमध्ये 'शुओ' आणि संस्कृतमध्ये 'श्वन्'. वेल्श भाषेत तो 'की' होतो. इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीमुळे जगाला माहीत झालेला 'कॉर्गी' म्हणजे वेल्शमधला 'कोर' अधिक 'की', बुटका कुत्रा. तिथेही समासात 'क'चा 'ग' झालाच आहे.

आयरिशमधला 'क' आणि संस्कृतमधला 'श' एकमेकांसमोर येतात, हा योगायोग नाही. या भाषाकुळाच्या मूळ रूपातला एक विशिष्ट 'क' पूर्वेकडच्या शाखांत 'श' किंवा 'स' झाला, पश्चिमेकडे 'क'च राहिला किंवा 'हुंड', 'हाउंड'सारखा 'ह' झाला. म्हणून आपल्या 'शत'ला आयरिशमध्ये 'क्येद' भेटतो. 'दश'ला 'देख' आणि 'अश्व'ला 'आख' भेटतात, तिथे तो 'क' पुढे घर्षक 'ख' झाला एवढंच. मराठीतला 'कुत्रा' या कुळातला नाही. पण 'श्वन्'च्याच रूपांतून आलेला 'श्वान' आपण सोडलेला नाही. पोलिसांचं असतं ते श्वानपथकच, त्याला कुणी कुत्रापथक म्हणत नाही. एरवी मागे पडलेला शब्द समासात टिकून राहतो. आयरिशमध्येही हेच घडलं आहे, ते पुढे येईल.

खरी गंमत व्याकरणात आहे. जुन्या आयरिशमध्ये, म्हणजे साधारण आठव्या-नवव्या शतकातल्या भाषेत, 'कू' पुल्लिंगी आहे आणि तो असा चालतो: प्रथमा 'कू', षष्ठी 'कॉन', चतुर्थी 'कोन्य'. अनेकवचनी प्रथमा पुन्हा 'कोन्य', अनेकवचनी षष्ठी 'कॉन'. नवख्याला हे तीन वेगळे शब्द वाटतात. प्रथमेत नसलेला 'न' षष्ठीत कुठून उगवला?

रूपावलीत 'राजन्' आणि 'युवन्' पाठ केलेल्या मराठी वाचकाला याचं उत्तर आधीपासून माहीत आहे. 'राजन्'ची प्रथमा 'राजा', तिथे शेवटचा 'न्' गळतो आणि पुढच्या रूपांत परत येतो. 'श्वन्'चंही तसंच: प्रथमा 'श्वा', षष्ठी 'शुनः', सप्तमी 'शुनि'. 'श्वा'त 'न्' नाही, 'शुनः'त आहे. 'कू'त 'न' नाही, 'कॉन'मध्ये आहे. एकाच शब्दाने दोन टोकांच्या दोन भाषांत एकाच जागी 'न' सोडला आणि एकाच जागी राखला.

आणखी एक बारकावा आहे. 'श्व'चा 'शु' होताना 'व्'च्या जागी 'उ' येतो. य्-व्-र् यांच्या जागी इ-उ-ऋ येणं याला आपले वैयाकरण संप्रसारण म्हणतात. पाणिनीने या बदलासाठी 'श्वन्', 'युवन्' आणि 'मघवन्' हे तीन शब्द एका सूत्रात बसवले. कुत्रा, तरुण आणि इंद्र एका दोऱ्यात ओवले गेले म्हणून संस्कृत पंडितांनी त्यावर एक सुभाषितही रचलं, ते संस्कृतच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतं. आयरिशच्या पूर्वरूपातही नेमकी हीच अदलाबदल आहे. प्रथमेत 'क्व्' होता, षष्ठीत 'कुन्'. त्या षष्ठीचं जुनं रूप 'कुनोस्' असं होतं, हे तुलनेतून ठरवता येतं. ग्रीकमध्ये ते जवळजवळ जसंच्या तसं 'कुनोस' सापडतं आणि आपल्याकडे 'शुनस्', म्हणजे 'शुनः'. पुढे आयरिशने शब्दांची शेवटची अक्षरं भराभर टाकली. 'कुनोस्'मधलं 'ओस्' गेलं, पण जाण्याआधी त्या 'ओ'ने मागच्या 'उ'ला आपल्याकडे ओढून 'ओ' करून ठेवलं. म्हणून 'कुन' न होता 'कॉन' झालं. चतुर्थीच्या 'कोन्य'मध्येही शेवटचा 'इ' गेला, पण त्याचा तालव्य स्पर्श 'न'वर राहिला. हा 'इ' म्हणजे आपल्या 'शुनि'तला सप्तमीचा 'इ'.

प्रत्यय गळण्याआधीची अवस्था दाखवणारा एक दगड आहे. १९६७ साली इंग्लंडमधल्या रॉक्सिटर या रोमन नगराच्या अवशेषांत तो सापडला. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला, रोमन अक्षरांत कोरलेला आणि एका आयरिश माणसाच्या स्मरणार्थ. त्याचं नाव 'कुनोरिक्स', म्हणजे 'कुत्र्यांचा राजा' किंवा 'कुत्र्यासारखा राजा'. त्यातला 'रिक्स' आपल्या 'राजन्'चा सख्खा आणि 'कुनो' म्हणजे आपला 'श्वन्'. पुढे 'मुलगा' या अर्थी 'माकुस' आणि त्याचीच षष्ठी 'माक्वि' कोरलेली आहे. काही शतकांनी हेच नाव आयरिशमध्ये 'कॉनरी' झालं आणि 'माकुस'चा नुसता 'मॅक' उरला. मॅकडोनाल्ड, मॅकार्थी या आडनावांतला तो 'मॅक' एके काळी प्रथमा-षष्ठी चालवत होता.

गळून गेलेले हे प्रत्यय पूर्ण मेले मात्र नाहीत. ते पुढच्या शब्दाच्या पहिल्या अक्षरात जाऊन राहिले. आयरिश भाषेतली ही मला सर्वांत अद्भुत वाटणारी गोष्ट आहे. तिचा उत्तम नमुना आयर्लंडच्या सर्वांत मोठ्या वीराच्या नावात आहे.

त्याचं नाव 'कू खुलिन', म्हणजे कुलनचा कुत्रा. पहिल्या शब्दानंतर येतो तो घशात घासत येणारा 'ख', उर्दूतल्या 'ख़बर'मधला. या दुसऱ्या शब्दातलं मूळ नाव मात्र कुलन, त्याची षष्ठी 'कुलिन', तिथे 'क' आहे. पण याच वीराच्या आजारपणाची एक जुनी कथा आहे, तिचं नाव 'सेर्ग्लिगे कॉन कुलिन'. इथे 'कू'ची षष्ठी 'कॉन' आली आणि पुढचा 'ख' पुन्हा 'क' झाला. त्याच्या जन्माच्या आणि मृत्यूच्या कथांची जुनी नावंही अशीच आहेत: षष्ठीत 'कॉन कुलिन'.

हे का होतं ते मराठी माणसाला चटकन कळेल, कारण आपल्या भाषेच्या आजीने हेच केलं आहे. महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये सापडलेलं व्यंजन विरघळायचं. कुंभकाराचा कुंभार झाला, 'नगर'चं 'णअर' होऊन पुढे अंमळनेर, जामनेर, पिंपळनेरमधलं 'नेर' झालं. आयरिशमध्येही दोन स्वरांमधलं व्यंजन मऊ पडलं, फक्त त्यांनी हा नियम दोन शब्दांच्या सीमेवरही लावला. 'कू' स्वरान्त, पुढे 'कुलिन'. मधला 'क' दोन स्वरांत सापडला, त्याचा 'ख' झाला. 'कॉन' मात्र मुळात 'कुनोस्' होतं, त्याच्या शेवटी 'स्' होता. त्या 'स्'च्या आडोशाला 'कुलिन'चा 'क' शाबूत राहिला. 'स्' नाहीसा होऊन दीड हजार वर्षं उलटली, पण त्याने वाचवलेला 'क' त्या कथांच्या नावांत आजही आहे.

'बोर्ड ना गॉन'मधल्या 'ग'चा उलगडाही असाच. 'ना' हे निश्चित उपपद आहे, इथे अनेकवचनी षष्ठीत. या षष्ठीच्या शेवटी एके काळी अनुनासिक होतं. संस्कृतात ते 'शुनाम्', 'तेषाम्' यांच्या शेवटी 'म्' म्हणून दिसतं. आयरिशमध्ये ते अनुनासिक पुढच्या 'क'वर आदळलं, त्याचा 'ग' झाला आणि अनुनासिक स्वतः नाहीसं झालं. मूळ शब्द 'क'चा आहे हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून लेखनात 'सी' ठेवतात आणि बोलायचं अक्षर त्याच्या आधी लावतात. नव्या नावात 'ना' नाही, म्हणून 'कॉन'. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर ते अनुनासिक 'न' होऊन त्याला चिकटतं. आयरिश दंतकथांतला चिरतारुण्याचा देश 'तीर ना नोग', म्हणजे तरुणांचा देश. त्यातला शब्द 'ओग', आणि हा 'ओग' आपल्या 'युवन्'चाच नातेवाईक. पाणिनीच्या सूत्रातला दुसरा मणीही असा आयर्लंडमध्ये सापडतो.

संस्कृत शिकलेला माणूस याला संधीच म्हणेल. फरक एवढाच की आपल्या संधीत आधीच्या शब्दाचं टोक आणि पुढच्या शब्दाचा आरंभ दोन्ही डोळ्यांसमोर असतात. आयरिशमध्ये टोक गेलं आणि संधी उरली. विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळाच्या असल्याचं सांगितलं, तेव्हा त्याने केल्टिक भाषांचाही उल्लेख केला होता. पण त्या या कुळात नेमक्या कशा बसतात हे बराच काळ उमगलं नव्हतं, कारण शब्दांचे आरंभच बदलणाऱ्या भाषा इतरांना परक्या वाटत. संस्कृतचा मोठा जर्मन अभ्यासक फ्रान्झ बोप याने १८३८ साली दाखवून दिलं की हे बदल म्हणजे हरवलेल्या प्रत्ययांच्या खुणा आहेत. संस्कृतचे प्रत्यय हाताशी होते म्हणून आयरिशचं कोडं सुटलं.

आता अर्थाकडे. कू खुलिनचं मूळ नाव सेटांटा. अल्स्टरचा राजा कॉनखोवर कुलन नावाच्या लोहाराकडे मेजवानीला गेला होता. छोटा सेटांटा खेळत खेळत मागून येणार, हे राजा विसरला आणि लोहाराने रात्रीच्या राखणीला आपला प्रचंड कुत्रा मोकळा सोडला. मुलाने तो कुत्रा मारला. लोहार हळहळला, कारण त्याच्या घराची आणि गुरांची सारी राखण त्या एका जनावरावर होती. तेव्हा मुलगा म्हणाला की याच जातीचं पिल्लू मोठं होईपर्यंत मी राखण करीन. त्यावरून त्याला कुलनचा कुत्रा हे नाव पडलं. नावाबरोबर एक बंधनही आलं: आपल्या नावाच्या प्राण्याचं मांस खायचं नाही. शेवटच्या लढाईला जाताना तीन म्हाताऱ्या चुलीवर कुत्रा भाजत बसलेल्या त्याला भेटतात. त्यांचं आतिथ्य नाकारणंही त्याला वर्ज्य असतं आणि ते मांस खाणंही. तो घास घेतो आणि त्याचं बळ जातं. स्वतःला दगडी खांबाला बांधून उभ्याने मरणाऱ्या या वीराचा पुतळा ऑलिव्हर शेपर्डने घडवला. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या उठावाचं स्मारक म्हणून तो १९३५ साली डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयात बसवला गेला.

ते टपाल कार्यालय ज्या रस्त्यावर आहे त्याच्याही नावात कुत्रा आहे. रस्ता ओ'कॉनेलचा. हे आडनाव 'कॉनल' या नावावरून आलं, त्याचं जुनं रूप 'कुनो-वालोस', म्हणजे कुत्र्यासारखा किंवा लांडग्यासारखा बलवान. 'कॉनखोवर'चा अर्थ अभ्यासक कुत्र्यांवर प्रेम करणारा असा लावतात. त्याचं आजचं रूप कॉनर, आणि त्यावरूनच ओ'कॉनर. मॅकनमारा हे क्लेअर परगण्यातलं आडनाव मुळात 'मॅक कॉन मारा', सागराच्या कुत्र्याचा मुलगा. इथला 'कॉन' अस्सल षष्ठी आहे, 'शुनःशेप' या वैदिक नावातल्या 'शुनः'सारखा. ऐतरेय ब्राह्मणातल्या या शुनःशेपाचे भाऊ शुनःपुच्छ आणि शुनोलाङ्गूल. त्यांची नावं कुत्र्याच्या शेपटीवरून पडली होती. आयर्लंडमध्ये मात्र माणसाला 'कू' म्हणणं ही वीराला दिलेली पदवी होती.

त्या मानाला कारण होतं. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सरदार सिमाकसने एका पत्रातून आयर्लंडच्या सात कुत्र्यांबद्दल धन्यवाद दिले आहेत. ते रोममधल्या खेळांत दाखवले तेव्हा लोक थक्क झाले होते. पुढे हे कुत्रे लांडग्यांच्या शिकारीसाठी नावाजले. १६५२ साली क्रॉमवेलच्या राजवटीने ते देशाबाहेर न्यायला बंदी घातली, इतके लांडगे तेव्हा माजले होते. अखेरचा लांडगा १७८६च्या सुमारास मारला गेला असं सांगतात आणि लांडग्यांपाठोपाठ हे कुत्रेही जवळजवळ संपले. एकोणिसाव्या शतकात कॅप्टन जॉर्ज ग्रॅहमने उरलेल्या कुत्र्यांचा स्कॉटिश डिअरहाउंड आणि ग्रेट डेन यांच्याशी संकर करून ही वुल्फहाउंड जात पुन्हा उभी केली. स्वतंत्र आयर्लंडने १९२८ साली पहिली नाणी पाडली तेव्हा सहा पेन्सच्या नाण्यावर हाच वुल्फहाउंड होता. नाण्यांचे नमुने निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष कवी येट्स होते.

आयरिशमध्ये वुल्फहाउंड म्हणजे 'कू फील', लांडग्याचा कुत्रा. गंमत अशी की जुन्या भाषेत लांडग्यालाच 'रानटी कू' म्हणत. पाणमांजर 'डोवरखू', पाण्यातला कू. याच नावाचा एक नरभक्षक जलप्राणी दंतकथेतही आहे. लीट्रिम परगण्यात १७२२ सालचा एक थडग्याचा दगड आहे, त्याच्यावर तो प्राणी भाल्याने विंधलेला कोरला आहे. समासात 'कू'चा 'खू' का झाला, हे आता वाचकाला सांगायला नको. आजच्या आयरिशमध्ये अनेकवचन 'कूना' असं सोपं झालं आहे. लिंगही डळमळलं आहे, काही जण त्याला स्त्रीलिंगी चालवतात. जुना 'कॉन' मात्र मंडळाच्या नावात आणि आडनावांत ठाण मांडून आहे.

भारताचा आणि या सगळ्याचा एक धागा फारसा कुणाला माहीत नाही. डब्लिनचे व्हिट्ली स्टोक्स १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होते. दिवसा त्यांनी इथल्या कायद्यांचे मसुदे केले आणि उरलेल्या वेळात जुन्या आयरिश ग्रंथांचं संपादन. कॅशेलचा राजा आणि बिशप कॉर्मक याच्या नावाने ओळखला जाणारा, साधारण इ.स. ९००च्या सुमाराचा एक आयरिश व्युत्पत्तिकोश आहे. त्याचं इंग्रजी भाषांतर स्टोक्स यांनी १८६८ साली कलकत्त्यात छापून घेतलं. त्या कोशात आयर्लंडमध्ये पहिला पाळीव छोटा कुत्रा कसा आला याची गोष्ट आहे. ब्रिटनमधले लोक असा कुत्रा आयरिश माणसाला देत नसत. पण तिथला कायदा असा की गुन्हा करणारा ज्याचा गुन्हा केला त्याच्या ताब्यात जातो. कार्ब्रे नावाच्या आयरिश पाहुण्याने आपल्या सुरीच्या मौल्यवान मुठीला चरबी चोळून ती कुत्र्यापुढे टाकली. कुत्र्याने मूठ कुरतडली, कार्ब्रेने फिर्याद केली आणि कुत्रा घेऊन घरी आला. त्याचं नाव पडलं 'मुठीचा गुलाम'. कायद्याची कलमं लिहिणाऱ्या स्टोक्सना ही नोंद नक्कीच आवडली असणार.

मराठीत आयरिश भाषेवर फार थोडं लिहिलं गेलं आहे आणि ते बदलायला हवं. संस्कृत शिकलेल्या माणसाला जुनी आयरिश शिकताना विभक्ती, संधी आणि संप्रसारण नव्याने समजून घ्यावं लागत नाही. रूडॉल्फ थुर्नायसेन यांचं जुन्या आयरिशचं व्याकरण इंग्रजीत १९४६पासून उपलब्ध आहे आणि जुन्या आयरिशचा मोठा कोश आज इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतो. संस्कृत किंवा भाषाविज्ञान शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी एकदा त्या कोशात 'कू'ची नोंद उघडावी आणि शेजारी आपली रूपावली ठेवावी.